मोडी वाचणारा माणूस हवा

(पेण व रोहा तालुक्यांतील महसूल अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांच्यापुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)

कचेरीला लिपिक मिळतो, लघुलेखक मिळतो, संगणक चालविणाराही मिळतो. एका जागेसाठी शेकड्यांनी अर्ज येतात आणि नाही कोणाला म्हणावे, एवढीच निवड करणाऱ्यांची अडचण असते. काही कामांचे मात्र उलट आहे. त्यांची जाहिरात दिली तर अर्ज येत नाहीत, आणि जे दोन-चार येतात त्यांची परीक्षा घेऊ शकेल असा माणूस कचेरीत नसतो. मोडी लिपीचे वाचन हे अशा कामांपैकी एक आहे. पेण आणि रोहा या दोन तालुक्यांपुरता विचार केला तरी या कामाची निकड किती आहे आणि त्यासाठी माणूस कसा शोधावा, कसा पारखावा व कसा टिकवावा, हा प्रश्न वरवर दिसतो तेवढा सोपा नाही हे ध्यानात येईल.

प्रथम निकडीविषयी. जुने कागद हा इतिहासकारांचा विषय, महसूल खात्याला किंवा पंचायतीला त्याचे काय, असे पुष्कळांना वाटते. ही समजूत बरोबर नाही. जातीच्या दाखल्यासाठी वास्तव्याचा जो पुरावा मागितला जातो, तो अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीचा असावा लागतो. पडताळणीच्या वेळी पणजोबांची जन्म-मृत्यूची नोंद, शाळेच्या नोंदवहीतील एखादी ओळ किंवा एखादा फेरफार पुढे ठेवावा लागतो. अशी नोंद जसजशी मागे जाते तसतशी ती बालबोधातून मोडीत जाते. बारावी झालेली मुलगी प्रवेशासाठी धावपळ करीत असते, अंतिम तारीख ठरलेली असते, आणि तिच्या पणजोबांचे नाव ज्या पानावर आहे ते पान कचेरीत असूनही कोणाला वाचता येत नाही. कागद हरवला असता तर निदान तसे लिहून देता आले असते. येथे कागद आहे, नोंद आहे, आणि तरीही पुरावा नाही, अशी विचित्र अवस्था होते.

वनहक्कांचेही तसेच. २००६ च्या कायद्यानुसार आदिवासींखेरीज इतर पारंपरिक वननिवासींनी १३ डिसेंबर २००५ पूर्वीची तीन पिढ्यांची, म्हणजे ७५ वर्षांची वहिवाट दाखवावी लागते. हा हिशेब १९३० पर्यंत मागे जातो. वृद्धांचे निवेदनही पुरावा म्हणून चालते हे खरे. पण १९३० साल ज्यांनी जाणतेपणी पाहिले असे वृद्ध आता किती गावांत सापडतील? म्हणून पुन्हा कागदाकडेच यावे लागते.

जमिनीच्या बाबतीत तर हे दोन तालुके विशेषच आहेत. रोह्याच्या बाजूला खोतीचा इतिहास आहे. खोती नष्ट करण्याचा कायदा १९४९ साली झाला, कूळकायदा १९४८ चा, आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. त्यापूर्वीचे खोत व कूळ यांच्यातील व्यवहार कबुलायतींत, खंडाच्या पावत्यांत आणि घरगुती वह्यांत आहेत, व त्यांपैकी बऱ्याच मोडीत आहेत. पेणच्या बाजूला खारेपाट आहे. वाशी, वढाव, दादर, शिर्की या गावांच्या शेतीचे सारे भवितव्य खाडीच्या बांधावर अवलंबून असते, आणि रोहा तालुक्यात यशवंतखारसारख्या गावाच्या नावातच खार आहे. १९४८ साली खार जमिनींचा कायदा झाला व १९७९ साली त्या जागी नवा कायदा आला. त्याआधी बांध कोणी घातला, कोणाच्या हिश्शाला किती लांबी आली, दुरुस्तीला माणसे कोणी द्यावयाची, उघाडीवर हक्क कोणाचा, हे सर्व गावागावांतल्या कागदांवर ठरत असे. बांध फुटून भातशेतीत खारे पाणी शिरते तेव्हा हा वाद पुन्हा उकरून निघतो. मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणासारख्या कामांसाठी जमीन संपादन होते तेव्हाही हिस्सेदारांची नावे मागे मागे शोधत जावी लागतात.

२०२३ साली या प्रश्नाने एकाएकी सर्व राज्याचे लक्ष वेधून घेतले. कुणबी नोंदींचा शोध घेण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली सप्टेंबर २०२३ मध्ये समिती नेमण्यात आली. प्रथम मराठवाड्यापुरते असलेले हे काम नंतर राज्यभर करण्यात आले. तहसील कचेऱ्यांतील, नगरपालिकांतील, शाळांतील जुनी दप्तरे सोडली गेली आणि प्रत्येक जिल्ह्याला एकाच महिन्यात मोडी वाचणारे हवे झाले. त्या आरक्षणाच्या प्रश्नाची चर्चा हा येथील विषय नाही. प्रशासनाच्या दृष्टीने त्या महिन्यांनी जे शिकवले ते इतकेच की, जे ज्ञान पन्नास वर्षे कोणी विचारले नाही, ते एके दिवशी सर्वांना एकाच वेळी लागते, आणि त्या दिवशी ते बाजारात विकत मिळत नाही.

मोडी दुर्मिळ कशी झाली

मोडीची सुरुवात यादवांच्या दरबारातील हेमाद्री पंडिताने केली असे परंपरा सांगते. विद्वानांत त्याविषयी मतभेद आहेत. पुढील काही शतके मराठीतील जवळजवळ सर्व दप्तरी लेखन या लिपीत झाले, याबद्दल मात्र मतभेद नाही. पोथी बालबोधात आणि पत्र मोडीत, अशी वाटणीच होती. लिहिणारा प्रथम कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ ओढून घेई आणि मग बोरू शक्य तितका न उचलता रेघेखाली अक्षरे लिहीत जाई. यामुळे वेग आला, आणि वेगासाठीच तर ही लिपी होती. शिवाजीमहाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी यांच्या मोडी हस्ताक्षराचा लौकिक आजही सांगितला जातो.

छापखाना आल्यावर परिस्थिती पालटली. मोडीचे खिळे झाले, नाही असे नाही. पण हाताच्या वळणावर उभी असलेली लिपी खिळ्यांत नीट बसेना. १९१७ साली मुंबई इलाख्याच्या सरकारने कारभारासाठी मोडीऐवजी बालबोध मुख्य लिपी म्हणून स्वीकारण्याचे ठरविले. तरीही शाळांत मोडी शिकवली जात राहिली आणि पेढीवर, घरच्या वहीत ती वापरात राहिली. १९५० नंतर ती शाळेतूनही हळूहळू गेली. याचा अर्थ ज्यांनी शाळेच्या बाकावर मोडी गिरवली अशी माणसे आज ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांच्यामागून आलेल्या पिढ्यांत मोडी जाणणारे जे आहेत, ते सर्व स्वतः होऊन, आवडीने किंवा एखाद्या वर्गाला जाऊन शिकलेले आहेत. माणूस निवडताना हा फरक फार उपयोगी पडतो; त्याचा विचार पुढे येईल.

पुण्याच्या पेशवे दप्तराचे उदाहरण या संदर्भात सर्वांना ठाऊक आहे. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात त्यातील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध केले. ४५ खंड ऐकून काम संपले असे वाटावे. वस्तुतः तो त्या दप्तराचा एक अल्प अंश आहे. बाकीचे रुमाल वाचकाची वाट पाहत आहेत. पुण्यासारख्या विद्येच्या ठिकाणी ही स्थिती, तर तालुक्याच्या अभिलेख कक्षाची काय असेल हे सांगावयास नको.

लिपी येणे आणि कागद वाचणे

नेमणूक करणाऱ्याची पहिली गफलत येथे होते. मोडीची मुळाक्षरे आणि बाराखडी आठ-पंधरा दिवसांत येते. शासनाच्या पुराभिलेख संचालनालयातर्फे मोडीचे अल्प मुदतीचे वर्ग घेतले जातात, परीक्षा होते, प्रमाणपत्र मिळते. ही व्यवस्था चांगली आहे आणि ती वाढावयास हवी. परंतु प्रमाणपत्र हा प्रवेश आहे. कागद वाचता येणे त्याच्या पुष्कळ पुढे असते.

कारण मोडी लेखनात शब्द तोडलेले नसतात, विरामचिन्हे नसतात, आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळलेला नसतो. कोठे एक शब्द संपला आणि दुसरा सुरू झाला, हे अर्थावरून ठरवावे लागते. आणि अर्थ समजावा तर शब्द आधी तुटावे लागतात. भाषा जुनी, फारशी शब्दांनी भरलेली. मौजे, कसबे, तर्फ, परगणे असे नेहमीचे शब्द पहिल्या अक्षरावर आणि पुढे मारलेल्या दंडावर भागवलेले. तोच उभा दंड आकड्यापुढे आला की पाव होतो, दोन दंड अर्धा आणि तीन पाऊण. संक्षेपाची खूण पाव समजून वाचली तर खंडाच्या भातात फरक पडतो. वीस मणांची खंडी, वीस काठ्यांचा पांड आणि वीस पांडांचा बिघा, ही मापे ज्याला माहीत नाहीत तो अक्षरे बरोबर वाचूनही बेरीज चुकतो.

तारखेचे उदाहरण घेण्यासारखे आहे. जुन्या कागदावर सुहूर सन अरबी शब्दांत लिहिलेला असतो. ‘समान सबैन मया व अलफ’ असे असेल तर आठ, सत्तर, शंभर आणि हजार मिळून ११७८ होतात. हा सन मृगाबरोबर, म्हणजे जूनच्या सुमारास सुरू होतो. म्हणून जून ते डिसेंबरमधील तारखेसाठी त्यात ५९९ मिळवावयाचे आणि जानेवारी ते मे या काळासाठी ६००. हा कागद १७७७-७८ चा ठरतो. आता गंमत अशी की, ‘समान’ म्हणजे आठ आणि ‘समानीन’ म्हणजे ऐंशी. ‘सबा’ म्हणजे सात आणि ‘सबैन’ म्हणजे सत्तर. शेवटचे अक्षर विरलेले असेल, कसर लागलेली असेल, किंवा वाचणारा घाईत असेल, तर कागद सत्तर वर्षांनी पुढे-मागे सरकतो. हक्काच्या वादात सत्तर वर्षे म्हणजे तीन पिढ्या.

‘ध चा मा करणे’ हा वाक्प्रचार मराठी माणसाच्या तोंडी आहे. नारायणराव पेशव्यांना धरावे अशी मूळ आज्ञा असून आनंदीबाईंनी तिचे मारावे असे केले, आणि ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात पेशव्यांचा खून झाला, ही कथा तिच्यामागे आहे. ही कथा सिद्ध झालेली नाही. पण लोकांनी ती अडीचशे वर्षे जपली, यावरून एका अक्षराने काय होऊ शकते याची जाण आपल्या समाजाला होती असे दिसते. आजच्या नोंदवहीत ‘धरावे’ नसते. तेथे जातीच्या रकान्यात नुसते ‘कु’ हे अक्षर असू शकते. ते कुणबी की कुंभार, हे एका पानावरून ठरविण्याचे धाडस जाणत्या वाचकाने करू नये. त्याने आधीची व नंतरची पाने पाहावी, तेच घराणे दुसऱ्या नोंदीत कसे लिहिले आहे ते पाहावे, आणि तरी उलगडा झाला नाही तर तसे स्पष्ट लिहावे.

माणूस कोठे शोधावा

असा माणूस कोठे मिळेल याचा विचार करताना जगाच्या दुसऱ्या टोकाचे एक उदाहरण उद्बोधक ठरेल. संगणकाला आज्ञा देण्याच्या भाषा असतात, आणि त्याही जुन्या होतात. १९५९ साली आखलेली कोबॉल ही त्यांतील एक. बँका, विमा कंपन्या व सरकारी खाती यांचे हिशेब तिच्यात लिहिले गेले. पुढे नव्या भाषा आल्या, महाविद्यालयांनी कोबॉल शिकविणे सोडले. हिशेब मात्र तिच्यातच चालत राहिले. एप्रिल २०२० मध्ये महामारीमुळे अमेरिकेत बेकारभत्त्याच्या अर्जांची रीघ लागली तेव्हा न्यू जर्सी राज्याची चाळीस वर्षांहून जुनी यंत्रणा कोलमडू लागली, आणि तेथील राज्यपाल फिल मर्फी यांना कोबॉल जाणणाऱ्यांनी स्वयंसेवक म्हणून पुढे यावे असे जाहीर आवाहन करावे लागले. न्यू जर्सीच्या कचेरीत आणि रोह्याच्या कचेरीत अंतर मोठे असले तरी अडचण एकाच जातीची आहे: लेख शिल्लक आहे आणि वाचणारा निवृत्त झाला आहे.

याच कोबॉलची दुसरी बाजूही आहे, आणि ती भारतातील आहे. २००० साल उजाडताना जगभरच्या जुन्या संगणक-आज्ञावल्यांतील तारखा दुरुस्त करावयाच्या होत्या. त्या वेळी भारतीय कंपन्यांनी कोबॉल जाणणाऱ्यांची वाट पाहिली नाही. त्यांनी स्थापत्यापासून यंत्रशास्त्रापर्यंत कोणत्याही शाखेचे हुशार पदवीधर घेतले आणि त्यांना कोबॉल शिकविली. भाषा शिकविता येते. चिकाटी, प्रामाणिकपणा आणि शंका घेण्याची सवय थोड्या दिवसांत शिकविता येत नाही. तेव्हा जे शिकविता येत नाही ते पाहून माणूस घ्यावा आणि जे शिकविता येते ते शिकवावे, हा त्या कंपन्यांचा हिशेब होता आणि तो बरोबर ठरला.

पॉल ग्रॅहम या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने २००४ साली एक निराळे निरीक्षण नोंदविले. ज्या भाषेला बाजारात फारशी मागणी नाही ती भाषा जो शिकतो, तो नोकरीसाठी शिकत नाही, आवडीने शिकतो. म्हणून अशा भाषेसाठी अर्ज थोडे आले तरी अर्जदार सरस असतात, असे त्याचे म्हणणे होते. त्याने उदाहरण दिलेली पायथन ही भाषा आज शाळकरी मुलेही शिकतात, तेव्हा ते उदाहरण आता उरले नाही. पण मुद्दा मोडीला चपखल लागू पडतो. घरातील जुने कागद वाचता यावेत म्हणून मोडी शिकलेला शिक्षक, किल्ल्यांच्या नादाने शिकलेला तरुण, वाचनालय सांभाळताना शिकलेली ग्रंथपाल, ही माणसे प्रत्येक तालुक्यात दोन-चार तरी असतात. ती रोजगार कार्यालयाच्या यादीत सापडत नाहीत, कारण मोडी येते हे कोणी विचारील असे त्यांना वाटलेलेच नसते.

म्हणून जाहिरातीचा मसुदा जपून करावा. ‘इतिहास विषयातील पदव्युत्तर पदवी, मोडी वाचनाचा पाच वर्षांचा अनुभव, वय पस्तीसच्या आत’ अशा अटी घातल्या की जे आहेत तेही गळतात. निवृत्त तलाठी वयाने जातो, शिक्षिका अनुभवाने जाते आणि हौशी तरुण पदवीने जातो. उरतो तो ज्याच्याजवळ तिन्ही कागद आहेत असा उमेदवार, आणि त्याला पेणला येण्याची गरज नसते. अर्हता म्हणून संचालनालयाची परीक्षा किंवा तिच्या तोडीची चाचणी एवढे पुरेसे मानावे.

चाचणी मात्र खरी असावी. मोडीच्या क्रमिक पुस्तकातील पान देऊन काही कळत नाही. ती अक्षरे रेखीव असतात. आपल्याच अभिलेख कक्षातील, आपल्याच तालुक्याची, थोडी विटलेली तीन पाने द्यावीत: एक जन्म-मृत्यूच्या वहीतील, एक कबुलायत, एक हिशेबाचे. उमेदवाराला सांगावे की, जे वाचता येणार नाही तेथे जागा मोकळी सोडावी. मग मोकळ्या जागा पाहाव्यात. ज्याने एकही जागा सोडली नाही, त्याच्याविषयी सावध असावे. विरलेले पान अडखळल्याशिवाय वाचणारा एक तर असामान्य असतो किंवा कल्पनेने भरणारा असतो, आणि दुसरा प्रकार अधिक आढळतो. परीक्षक कचेरीत नसेल तर उत्तरे पुराभिलेखागाराकडे किंवा विद्यापीठाकडे तपासावयास पाठवावीत. थोडा वेळ जाईल, पण पुढील कित्येक वर्षांचा घोळ वाचेल.

शिकविण्याची रीत

पेणला दूरच्या प्रबोधिनीचे उदाहरण देण्याची आवश्यकता नाही. पेण शहर, हमरापूर, जोहे, कळवे या भागांतील गणपतीच्या कारखान्यांत नवा मुलगा येतो तेव्हा त्याला कोणी पहिल्या दिवशी डोळ्यांच्या आखणीला बसवीत नाही. तो माती मळतो, साच्यातून काढलेल्या अंगांना सफाई देतो, अंगरंग देतो, आणि हे करताना शेजारी बसलेल्या कारागिराचा हात पाहतो. डोळे शेवटी येतात, आणि सर्वांना येतातच असेही नाही. कारखानदार बाहेरून आखणी करणारा आणतो तेव्हाही त्याच्याजवळ घरचा एखादा मुलगा बसवून ठेवतो. पुढच्या हंगामाची सोय तेथेच होते.

मोडीचे काम याच रीतीने होऊ शकेल. नव्या माणसाला आधी आंग्लकाळातील, एकाच हातच्या नोंदवह्या द्याव्यात. गावची वही वर्षानुवर्षे एकच तलाठी लिहीत असे. त्याचे वळण एकदा डोळ्यांत बसले की पुढची पंधरा-वीस वर्षांची पाने भराभर उलगडतात. त्यानंतर कबुलायती, मग पेशवेकालीन पत्रे. न्यायालयात किंवा पडताळणी समितीपुढे जाणारे वाचन मात्र दोघांनी स्वतंत्रपणे केल्याशिवाय सही होऊ नये.

स्थानिक माणसाचा येथे मोठा लाभ होतो. पुण्याचा निष्णात वाचक अक्षर ओळखील, परंतु शेताचे नाव, पाड्याचे नाव, कोळ्यांतील, आगऱ्यांतील किंवा कातकऱ्यांतील एखादे टोपणनाव त्याने कधी ऐकलेले नसते. शब्द न तोडलेल्या ओळीत नाव कोठे संपते हे ज्याने ते नाव गावात ऐकले आहे त्याला चटकन समजते. म्हणून ग्रामपंचायतींनी आपल्या हद्दीतील शेतांची, बांधांची, कोंडांची, वाड्यांची आणि जुन्या आडनावांची यादी करून अभिलेख कक्षास दिली, तर तो मोडी वाचकाचा उत्तम कोश होईल. या कामाला मोडी येण्याची आवश्यकता नाही, खर्चही नाही. शाळांना हा सहलीचा आणि प्रकल्पाचा चांगला विषय आहे.

आता मोबदल्याविषयी. पानामागे दर ठरविण्याची पद्धत सोयीची दिसते, पण तिने सोपी पाने आधी वाचली जातात आणि कठीण पाने गठ्ठ्याच्या तळाशी जातात. शिवाय मोकळी जागा सोडणाऱ्या प्रामाणिक वाचकाचे नुकसान होते. दिवसाचे मानधन ठरवावे आणि कामाची नोंद रोज घ्यावी, हे अधिक न्याय्य आहे. एका तालुक्याला वर्षभर पुरेल इतके काम नसेल तर पेण आणि रोहा यांनी मिळून एक वाचक ठेवण्यास हरकत नसावी; दोन्ही ठिकाणे एका रेल्वेमार्गावर आहेत. तीन महिन्यांच्या करारावर माणूस आणावयाचा, निकड संपली की सोडावयाचा आणि पुढच्या निकडीला पुन्हा नव्याने शोधावयाचा, हा प्रकार खर्चिक आहे. सोडलेला माणूस शहरात जातो आणि मोडीऐवजी दुसरे काही करू लागतो. त्याला दोष देता येत नाही.

आणि एकाच माणसावर सर्व अवलंबून राहणे हेही धोक्याचे. वाचक गेला तरी वाचन कचेरीत राहावे, यासाठी प्रत्येक वाचनावर रुमालाचा क्रमांक, पानाचा क्रमांक, वाचकाचे नाव, दिनांक आणि शंकास्थळे लिहिण्याची शिस्त पहिल्या दिवसापासून हवी. मूळ अक्षरांचे जसेच्या तसे बालबोध लिप्यंतर वेगळे आणि त्याचा आजच्या मराठीतील सारांश वेगळा ठेवावा. दोन्ही एकत्र केले की कागद काय म्हणतो आणि वाचक काय म्हणतो हे पुढे कोणालाच सांगता येत नाही.

यंत्राचे साहाय्य

यंत्र हे काम करील, मग माणूस कशाला, असा प्रश्न आज हमखास विचारला जातो. जून २०१४ मध्ये युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत मोडीला स्थान मिळाले, म्हणजे संगणकावर मोडी अक्षर लिहिण्याची सोय झाली. २०२५ मध्ये रुडकी येथील आयआयटीच्या संशोधकांनी मोडी कागदांच्या प्रतिमांचे देवनागरीत लिप्यंतर करणारी कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारलेली पद्धत मांडली आणि त्यासाठी शिवकालीन, पेशवेकालीन व आंग्लकालीन अशा दोन हजारांहून अधिक प्रतिमांचा लिप्यंतरासह संच तयार केला. हे स्वागतार्ह आहे. परंतु त्या संचातील प्रत्येक प्रतिमेचे बरोबर वाचन आधी कोणा जाणकाराला तपासावे लागले, हे विसरता येत नाही. यंत्र शिकते ते माणसाच्या वाचनावरून. जेथे पान फाटले आहे तेथे यंत्रही अंदाज करते, आणि त्याचा अंदाज मोठा सुबक असतो. तो पकडण्यास पुन्हा जाणकारच हवा. उद्या यंत्राने दहा हजार पाने एका दिवसात वाचली तर तपासणाऱ्यांची गरज कमी न होता वाढेल. जुन्या नोंदवह्यांची छायाचित्रे काढून ठेवण्याचे काम मात्र थांबता कामा नये. खारेपाटाच्या दमट हवेत कागद फार काळ तग धरीत नाही, आणि कसरीला मोडी व बालबोध यांत भेद करता येत नाही.

राहता राहिले ऐंशीच्या पुढचे लोक. नेमणूकपत्र घेऊन ते कचेरीत रोज येणार नाहीत, आणि त्यांच्याकडून तशी अपेक्षाही करू नये. परंतु कोणत्या गावात कोणत्या आजोबांनी किंवा आजींनी शाळेत मोडी गिरवली होती, कोणाच्या सासऱ्याची वही माळ्यावर पडून आहे, हे ग्राम महसूल अधिकाऱ्याला आणि पंचायत सदस्याला पुढच्या ग्रामसभेत विचारता येईल. नावे मिळाली तर गावातील शाळेच्या एका शिक्षकाने दोन पाने आणि एक वही घेऊन त्यांच्याकडे जावे. आजोबा वाचतील, शिक्षकाने लिहून घ्यावे, आणि आजोबा जेथे थांबतील तेथे का थांबले हे विचारून तेही लिहून ठेवावे. दिवाळीची सुट्टी या कामाला पुरेशी आहे, आणि पाऊस ओसरल्यावर अभिलेख कक्षातील रुमाल उन्हाला काढावयाचे दिवसही तेच असतात.